सोलापुरात कॅम्परचा मायक्रोवेव्ह बदलताना अशी फसवणूक होते

अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करणाऱ्या कॅम्पर गाड्यांचा (झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाड्यांचा) एखादा मुक्काम सोलापुरात पडतोच. पुणे-हैदराबाद महामार्ग आणि विजापूरकडचा रस्ता इथेच मिळतात, त्यामुळे वाटेत काही बिघडलं की दुरुस्तीही इथेच उरकली जाते. बहुतेक कारागीर प्रामाणिक आहेत. पण काही दुकानं एकाच हिशेबावर चालतात: हे गिऱ्हाईक उद्या हैदराबादला असेल, भांडायला परत येणार नाही.

नाशिकच्या एका कुटुंबाच्या बाबतीत हेच झालं. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली कॅम्पर, मे महिन्यातलं ऊन, आणि मायक्रोवेव्ह अचानक पूर्ण बंद. दिवा नाही, आकडे नाहीत, पंखाही नाही. महामार्गालगतच्या दुकानात कव्हरही न उघडता निदान झालं, "साहेब, मॅग्नेट्रॉन गेलाय ह्याचा. दुरुस्त करून उपयोग न्हाई." मॅग्नेट्रॉन म्हणजे पदार्थ तापवणाऱ्या लहरी तयार करणारा भाग. मग 'कॅरॅव्हॅन स्पेशल' म्हणून 20 लिटरचा सोलो (ग्रिल नसलेला साधा) ओव्हन 14,500 रुपयांना गळ्यात मारला आणि जुना 500 रुपयांत ठेवून घेतला. पक्कं बिल नाही, हाताने लिहिलेली चिठ्ठी. क्यूआर कोडवर नाव दुकानाचं नव्हतं, कुणा व्यक्तीचं होतं.

निदान खोटं होतं हे जागेवरच कळण्यासारखं होतं. मॅग्नेट्रॉन गेला की सहसा दिवा लागतो, ताटली फिरते, पंखा वाजतो, फक्त पदार्थ गरम होत नाही. सगळंच मेल्यासारखं झालं, तर आधी वीज येते का ते बघायचं आणि मग आतला फ्यूज, थर्मल कटआउट (जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच) आणि दाराचे स्विच. कॅम्परमध्ये दाराचे स्विच विशेष त्रास देतात. कडीमागे साधारण तीन मायक्रोस्विच असतात. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी एखादा सरकला की त्यांचा क्रम चुकतो आणि सुरक्षेसाठी ठेवलेला मॉनिटर स्विच मुद्दाम शॉर्ट करून 8 किंवा 10 अँपिअरचा सिरॅमिक फ्यूज उडवतो. फ्यूज अगदी स्वस्तात मिळतो, स्विचही फार महाग नाहीत. मात्र स्विच न बदलता नुसता फ्यूज घातला तर तो पुन्हा उडणार. कुणी फ्यूजच्या जागी तार लावत असेल तर ओव्हन लगेच परत घ्या, कारण मग दार उघडं असताना ओव्हन बंद होईल याची खात्री उरत नाही. आणि कव्हर स्वतः कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) जीवघेणा विजेचा दाब शिल्लक राहू शकतो.

म्हणून दुकानात जाण्याआधी ओव्हन खणातून काढून लॉजमधल्या किंवा ढाब्यावरच्या 16 अँपिअरच्या सॉकेटला लावा, आत कपभर पाणी ठेवा. तिथे चालला तर दोष गाडीच्या इन्व्हर्टरमध्ये किंवा वायरिंगमध्ये आहे. तिथेही मेलेलाच असेल, तर कारागिराला तुमच्यासमोर फ्यूजवर मल्टिमीटर लावायला सांगा. 'मॅग्नेट्रॉन गेलाय' म्हणत असेल तर तेही मोजून दाखवता येतं: फिलामेंटच्या दोन टोकांमध्ये 1 ओमपेक्षा कमी आणि टोकापासून बॉडीपर्यंत अजिबात कंटिन्युइटी (वीज जाण्याची वाट) नाही, म्हणजे किमान या तपासणीत तरी तो ठीक आहे. ही तपासणी कारागिराने कपॅसिटर डिस्चार्ज करून, वायर काढूनच करायची असते. जो दाखवायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडे ओव्हन सोडू नका.

'कॅरॅव्हॅन स्पेशल' म्हणून दिलेला ओव्हन घरगुतीच होता, मागची पट्टी खरवडलेली. त्या पट्टीवर 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, इनपुट वॅट आणि बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) नोंदणीचा आर-अक्षराने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक असायलाच हवा. बीआयएस केअर अ‍ॅपवर तो क्रमांक टाकला की कंपनी आणि वस्तू दिसते. पट्टीवर 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ असेल तर तो परदेशातल्या विजेसाठी बनवलेला माल आहे. तो थेट 230 ला लावला तर जळेल.

सगळ्यात महागात पडते ती वॅटची लबाडी. खोक्यावरचे 800 वॅट म्हणजे पदार्थाला मिळणारी उष्णता. ओव्हन वीज ओढतो 1200 वॅटच्या आसपास. नाशिककरांना 800 दाखवून 1000 चा इन्व्हर्टरही विकला गेला, तोही शुद्ध साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी सुरळीत लहर) नसलेला. अशा इन्व्हर्टरवर ओव्हन घरघरतो आणि कमी तापतो. 12 व्होल्टवर 1200 वॅटसाठी इन्व्हर्टरमधली घट धरून बॅटरीतून सुमारे 115 अँपिअर जातात. त्यासाठी दुकानदाराने घरच्या वायरिंगची 10 चौरस मिलिमीटरची केबल टाकली. हैदराबादच्या वाटेवर तिचं आवरण मऊ पडलं. आग लागली नाही हे नशीब. इथे 50 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, शक्य तितकी आखूड, बॅटरीपासून वीतभर अंतरात 150 ते 200 अँपिअरचा फ्यूज आणि किमान 1500 वॅटचा (खोक्यावर व्हीएमध्ये छापलेला आकडा वेगळा असतो, तो धरू नका) शुद्ध साइन वेव्ह इन्व्हर्टर लागतो.

बसवतानाही लक्ष ठेवा. ओव्हनच्या बॉडीला भोक पाडून स्क्रू मारू देऊ नका, बाहेरून अँगल आणि पट्ट्याने आवळा. वर आणि मागे माहितीपत्रकात सांगितलेली मोकळी जागा सोडा, नाहीतर सोलापूरच्या उन्हात बंद खणातला कटआउट सारखा पडेल. काचेची ताटली प्रवासात काढून ठेवा. वॉरंटी कार्डही तिथेच वाचा. 'फक्त घरगुती वापरासाठी' असं छापलं असेल तर दुकानदाराच्या तोंडी आश्वासनाला काही अर्थ नाही.

पैसे देण्याआधी काचेच्या भांड्यात 1 लिटर पाणी घेऊन तापमान मोजा, पूर्ण ताकदीवर 1 मिनिट चालवा, ढवळून पुन्हा मोजा. जितके अंश वाढले त्याला 70 ने गुणा, अंदाजे वॅट मिळतात. 800 वॅटच्या ओव्हनमध्ये 11 अंशांच्या आसपास वाढ दिसायला हवी. 6-7 अंशच दिसली तर माल जुना आहे किंवा वीज कमी पडते आहे. ही चाचणी भिंतीच्या सॉकेटवर एकदा आणि गाडीच्या इन्व्हर्टरवर एकदा करा.

आणि तो 'परत येणार नाही' हा हिशेब चुकवता येतो. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, नाशिकच्या माणसाला सोलापूरला हेलपाटे घालावे लागत नाहीत. मुदत 2 वर्षं, आणि वस्तूसाठी दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. सोबत मॉडेल आणि सिरियल क्रमांक असलेलं जीएसटी बिल, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, मागच्या पट्टीचा आणि दुकानाच्या पाटीचा फोटो जोडा. बिल मिळालं नसेल तर चिठ्ठी आणि यूपीआयची नोंद तरी जपा. जुना ओव्हन एक्स्चेंजमध्ये सोडू नका. निदान खोटं होतं याचा तोच मुख्य पुरावा असतो, आणि नाशिकच्या कुटुंबाकडे नेमका तोच उरला नव्हता.