फुकटची बस आणि 18 हजारांची कार्डं

आधीच सांगते, मिस्ट्री शॉपिंग हे काम मुळात खोटं नाही. मी ते वर्षभर केलं आणि पैसेही मिळाले. दुकानांतली सेवा तपासून घेणाऱ्या कंपनीसाठी साधं गिऱ्हाईक होऊन दुकानात जायचं. पेट्रोल पंपावरच्या पोरानं मीटर शून्यावर आहे हे दाखवलं का, चपलांच्या शोरूममध्ये मागितलेला नंबर नसताना दुसरा जोड काढून दाखवला का, बिल न मागता दिलं का, हे सगळं ध्यानात ठेवायचं आणि बाहेर येऊन मोबाइलवर लांबलचक फॉर्म भरायचा. सोबत बिलाचा फोटो आणि आत-बाहेर केल्याची वेळ. एका कामाचे 250 ते 400 रुपये. वस्तू घ्यावी लागली तर ठरलेल्या रकमेपर्यंत तिचे पैसे परत. हातात पडायला मात्र 45 दिवस, कधी 60. नाव नोंदवताना माझ्याकडून कुणी एक रुपया घेतला नव्हता.

आम्ही बेळगावात वडगावला राहतो. आमचे हे उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. मी घरी साड्यांना फॉल-पिको करते. एका साडीमागं साधारण 70 रुपये सुटतात आणि नीट बसलं तर पाच तासांत चार साड्या होतात. हा हिशोब आधी दिला, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्याशीच बांधलेली आहे.

सुरुवातीला मी टिळकवाडी, खडेबाजार, फार तर कॉलेज रोड, एवढ्यातलीच कामं घ्यायची. दारातून सिटी बस, दोन तासांत परत. पण मग जवळची कामं कमी होत गेली. मोबाइलवर, कंपनीच्या ॲपमध्ये, खानापूर, संकेश्वर, गोकाक, धारवाड दिसायला लागलं. इथं बाकीच्या गावांतल्या बायकांना नसेल असा एक मोह आम्हाला आहे. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना सरकारी साध्या बसला तिकीट नाही. आधार दाखवायचं, कंडक्टर शून्याचं तिकीट फाडून देतो. म्हणजे प्रवासखर्च काहीच नाही, मग गोकाक काय आणि धारवाड काय, असं माझ्या डोक्यात बसलं.

खानापूर 26 किलोमीटर. तिथं 350 रुपयांचं काम चार तासांत उरकलं, परवडलं. गोकाक सत्तरएक किलोमीटर. कामाचे 400. घराला कुलूप लावलं सकाळी आठला, उघडलं दुपारी साडेतीनच्या पुढं. बसचे पैसे वाचले म्हणून मी दिवसाचे पैसे धरलेच नव्हते. त्या साडेसात तासांत पाच-सहा साड्या झाल्या असत्या. वर वडा-चहाचे 60 रुपये. शेजारच्या आक्का म्हणाल्या, "येवढं गोकाकपर्यंत जाऊन काय आणलीस गं? करदंट तरी आणायचीस." करदंट म्हणजे गोकाकची मिठाई. तेव्हा मी हसले होते.

तर अशा कामांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, तिथं बायका आपापली झालेली कामं टाकायच्या. मीही टाकलं होतं, अमुक महिन्यात इतकी कामं, इतके पैसे. त्यातूनच माझा नंबर आणि मी कुणाची कामं करते हे बाहेर गेलं असावं. एके दिवशी एकाचा फोन आला. मी त्याच कंपनीचा रूट कोऑर्डिनेटर, म्हणजे लांबच्या फेऱ्यांची कामं वाटणारा, असं म्हणाला. आधी हिंदीत, मग चांगल्या मराठीत. म्हणाला, "मॅडम, तुमचे रिपोर्ट स्वच्छ असतात. लांबची कामं करणारं कुणी मिळत नाही, म्हणून त्याला बोनस आहे."

पहिलं काम खानापूरचं दिलं. 450 रुपये, संध्याकाळीच यूपीआयनं जमा. दुसरं गोकाकचं, 700, तेही रात्रीच्या आत. मला इतका आनंद झाला की शंका यायला जागाच उरली नाही. खरी कंपनी दीड महिना थांबवते आणि हा माणूस त्याच दिवशी पैसे पाठवतो. यात चांगलं वाटण्यासारखं काही नव्हतं, विचारण्यासारखं होतं. पण ते आज कळतंय.

मग कोल्हापूर. एका दिवसात दोन दुकानं, बोनससकट 1,500 रुपये. काम असं, की मोठ्या दुकानात गिफ्ट कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून भेट द्यायचं खरेदीचं कार्ड, विकताना काउंटरवरची माणसं ते नीट चालू करून देतात का, नियम सांगतात का, हे बघायचं. कार्ड विकत घ्यायचं, मागची चंदेरी पट्टी खरडायची, नंबर आणि पिनचा फोटो पाठवायचा. त्यांनी तपासलं की तासाभरात पूर्ण पैसे परत. विश्वासासाठी त्यानं 2,000 रुपये आगाऊ पाठवले. आणि एक अट घातली, की हे काम गुप्त आहे, घरीसुद्धा सांगायचं नाही. ही अट मला खटकली नाही, कारण खऱ्या कामातही ती असतेच. दुकानात कळू द्यायचं नसतं की आपण तपासायला आलोय. त्यानं नवीन खोटं काही रचलंच नाही, आमच्याच धंद्यातला नियम उचलून माझ्यावर वापरला.

मीही मनाला समजावलं, कोल्हापूरला जातोच आहोत तर अंबाबाईचं दर्शन होईल.

बेळगाव ते कोल्हापूर सुमारे 110 किलोमीटर. निपाणीपर्यंत आपली बस, शून्याचं तिकीट. हत्तरगी, संकेश्वर, तवंदीचा घाट उतरून निपाणी. तिथून महाराष्ट्राची एसटी धरली, हद्द ओलांडल्यावर तिथंही बायकांना अर्धं तिकीट. कोगनोळी नाका गेला, दूधगंगेचा पूल गेला, कागल आलं. सीमेवरच्या माणसाला हा रस्ता पाठ असतो आणि त्याची खात्री कधीच नसते. 2025च्या फेब्रुवारीत भाषेच्या भांडणावरून दोन्हीकडच्या बस काही दिवस बंदच पडल्या होत्या. तेव्हा अडकलेली माझी मावसबहीण अजून बोलून दाखवते. म्हणून त्या दिवशी माझं अर्धं लक्ष घड्याळाकडं होतं. संध्याकाळी निपाणीची गाडी चुकायला नको.

घाईतला माणूस कमी प्रश्न विचारतो. फोनवरच्या त्या कोऑर्डिनेटरला हे माहीत असणार.

राजारामपुरीतल्या पहिल्या दुकानात 5,000 ची दोन कार्डं घ्यायची होती. काउंटरवर विशी-बाविशीचा पोरगा. त्यानं कार्डं पुढं केली आणि हळूच विचारलं, "ताई, कुणाला द्यायलीत ही? फोनवर कुणी घ्यायला सांगितलंय का? नंबर खरडून कुणाला पाठवू नका हं, हल्ली फसवतात."

मी काय सांगितलं असेल? "भाचीच्या लग्नाला द्यायचीत." मिस्ट्री शॉपरनं खरं सांगायचं नसतं ना! बाहेर येऊन फूटपाथवर उभी राहिले, नाण्यानं पट्टी खरडली, फोटो पाठवले आणि फॉर्म भरला. त्यात एक रकाना होता, कर्मचाऱ्यानं अनावश्यक प्रश्न विचारले का? मी "हो" लिहिलं आणि त्या पोराचे दोन गुण कापले. तो फॉर्म अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे.

कोऑर्डिनेटरचा मेसेज आला, "रिपोर्ट छान. दोन्ही दुकानांचे पैसे एकत्र येतील, दुसरं उरकून घ्या." इथं मला पहिल्यांदा पोटात कालवल्यासारखं झालं. पण दुपारचे पावणेदोन झाले होते. सकाळी साडेसहाला घर सोडलेलं. 10,000 आधीच गुंतलेले. दुसरं काम सोडलं तर रूट अपुरा, बोनस नाही, आणि पहिल्याचे पैसेही अडकतील असं तो म्हणाला. हेच दुकान बेळगावात असतं तर मी बस धरून वीस मिनिटांत घरी आले असते, आक्कांच्या ओट्यावर बसून बोलले असते आणि आक्कांनी मला तिथंच शिव्या घातल्या असत्या. गिफ्ट कार्डं बेळगावातही मिळतात. त्यासाठी मला 110 किलोमीटर लांब नेण्याचं दुसरं कारण मला तरी सापडत नाही. माणूस जितका लांब आलेला, तितका तो रिकाम्या हातानं परत फिरत नाही.

स्टेशन रोडजवळच्या दुसऱ्या दुकानातून 8,000 चं कार्ड घेतलं. ते पैसे भिशीचे होते. यावेळी काउंटरवर कुणी काही विचारलं नाही.

साडेतीनला त्याचा फोन बंद. चारला व्हॉट्सॲपवरचा फोटो गायब. मी मध्यवर्ती बस स्टँडवर बाकड्यावर बसून वीस-पंचवीसदा फोन लावला असेल. अंबाबाईचं दर्शन राहिलंच. निपाणीला अंधार पडला, तिथून शून्याच्या तिकिटावर परत आले. घरी रात्री सव्वानऊला पोचले आणि कुणाला काही सांगितलं नाही. ती माझी सगळ्यात मोठी चूक.

दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांना सांगितलं. त्यांनी आवाज चढवला नाही, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. पलीकडून "हेळ्री", म्हणजे कन्नडमध्ये "सांगा", असं आलं. माझं कन्नड बाजारापुरतं, पण त्या बाईंनी हिंदीतून समजून घेतलं. इथं एक गोष्ट कळली ती कुणी सांगत नाही. यूपीआयनं थेट चोराच्या खात्यात पैसे गेले असते, तर ते ज्या खात्यात गेले तिथं अडवता येतात, लवकर कळवलं तर. माझे पैसे गेले होते खऱ्या दुकानाच्या खऱ्या खात्यात, खऱ्या मालासाठी. दुकानाचा काही दोष नाही, त्याचं खातं अडवून उपयोग नाही. चोरानं पैसे उचलले ते कार्डातून, मी पाठवलेला नंबर आणि पिन वापरून. अशा वेळी आधी कार्डाच्या मागं छापलेल्या नंबरवर फोन करून कार्ड बंद करायला सांगायचं, रक्कम शिल्लक असेल तर वाचते. मी तो फोन केला तेव्हा तिन्ही कार्डांवर शून्य होतं. दहा हजारांची कार्डं तर मी पहिल्या दुकानाच्या फूटपाथवर उभी असतानाच वापरून झाली होती.

तक्रार कुठं करायची हाही घोळ झाला. फसले कोल्हापुरात, राहते बेळगावात, फोन करणारा कुठला ते देव जाणे. नवऱ्याच्या कामावरच्या एकानं सांगितलं की कोल्हापूरला जावं लागेल. तसं नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये, गुन्हा कुठंही घडलेला असला तरी जवळच्या ठाण्यात नोंदवता येतो. आम्ही इथंच तक्रार दिली. मोकळी कार्डं, दोन्ही बिलं, चॅटचे फोटो, त्याचा नंबर, सगळं जोडलं. कार्डं मी रागानं कचऱ्यात टाकणार होते, ह्यांनी अडवलं म्हणून राहिली.

इथं संपलं असतं तर मी कदाचित हे लिहिलंही नसतं. तीन आठवड्यांनी गृहलक्ष्मीचे, म्हणजे कर्नाटक सरकारच्या बायकांसाठीच्या योजनेचे, 2,000 काढायला गेले तर पैसे निघेनात. बँकेत विचारलं, तर खातं गोठवलेलं. दुसऱ्या राज्यातल्या कुणाच्या तरी सायबर तक्रारीत माझ्या खात्याचा नंबर आला होता. त्यानं मला विश्वासासाठी आगाऊ पाठवलेले 2,000 त्याचे नव्हतेच, दुसऱ्या कुणा फसलेल्याचे होते. ते माझ्या खात्यात आले म्हणून त्या माणसाच्या तक्रारीत मीच चोरांच्या साखळीतली एक कडी. बँकेतल्या साहेबांनी कागद पुढं सरकवला तेव्हा मान वर करवेना.

त्यासाठी त्या राज्यातल्या तपास अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. आपली तक्रार, तिचा नंबर, चॅट, खात्याचा उतारा, सगळं पाठवलं. दोन-अडीच महिने गेले. खातं सुटलं, ते 2,000 मात्र अजून अडवून ठेवलेत. कार्डांत घरचे 16 हजार गेलेच होते. मिळून पुन्हा 18.

खरी कामं मी सोडलेली नाहीत. फक्त आता आधी वहीत लिहिते, कुलूप लावल्यापासून उघडेपर्यंत किती तास, हाती किती, आणि तेवढ्यात किती साड्या झाल्या असत्या. बस फुकट असो नसो, बसभाड्याचा रकाना मी वहीतून काढूनच टाकलाय. खानापूरच्या पुढचं काम घेत नाही. कोऑर्डिनेटर म्हणून कुणाचा फोन आला तर फोनवर हो म्हणत नाही, कंपनीच्या ज्या ॲपमध्ये मी नोंद केली होती तिथं ते काम दिसतं का बघते. कोल्हापूरचं काम तिथं नव्हतंच, बघायला दोन मिनिटं लागली असती. आणि कार्डाचा नंबर खरडून मागणारं कुठलंच काम काम नसतं, हे त्या राजारामपुरीतल्या पोरानं मला फुकट सांगितलं होतं.

ग्रुपवर मी हे सगळं टाकलं तेव्हा चिकोडीकडच्या एकीचा मला वेगळा मेसेज आला. तिला त्याच आवाजाचा फोन आला होता. तिला सांगली सांगितली होती, तिकडूनही लांबच. ती निघायच्या बेतात होती, बस स्टँडवर उभी होती. तिथूनच परत फिरली.

सोमवारी त्या 2,000 साठी पुन्हा बँकेत जायचंय. बँक वडगावातच आहे, चालत दहा मिनिटं.