प्रोसेसर ‘मेला’ सांगून पैसे उकळणारे

गिटारच्या आवाजाला वेगवेगळे इफेक्ट देणाऱ्या मल्टी-इफेक्ट्स प्रोसेसरचं फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट अर्ध्यात अडकलं की स्क्रीनवर नुसता लोगो उरतो आणि एकही फूटस्विच दाद देत नाही. माझ्या युनिटचं हेच झालं. सर्चमध्ये सगळ्यात वर कंपनीचा सपोर्ट नंबर म्हणून जी जाहिरात दिसली, तो नंबर कंपनीचा नव्हताच.

फोनवरचा माणूस बोलायला भलताच गोड. आधी कॉम्प्युटरचा ताबा देणारं ॲप टाकायला लावलं, मग विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर (कॉम्प्युटरमधल्या घडामोडींची नोंदवही) उघडून लाल खुणांची रांग दाखवली. "बघा सर, युनिटची चिप करप्ट आहे." असल्या लाल नोंदी धडधाकट कॉम्प्युटरवरही सापडतात आणि त्या विंडोजच्या असतात. प्रोसेसर तर तेव्हा यूएसबीला जोडलेलासुद्धा नव्हता! तरी ‘रिकव्हरी लायसन्स’च्या नावाखाली पैसे गेले. वर बोर्ड बदलण्याचे आणखी मागितले. नकार देताच फोन कट.

युनिट मेलंच नव्हतं. बहुतेक प्रोसेसरमध्ये बूटलोडर (युनिट सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) मुख्य फर्मवेअरपासून वेगळा असतो. अपडेट फसलं तरी तो सहसा शाबूत राहतो. मॅन्युअलमध्ये दिलेले स्विच दाबून धरून पॉवर दिली की अपडेट मोड उघडतो आणि तीच फाइल पुन्हा चढवता येते. फाइल कंपनीच्या साइटवर फुकट असते, फक्त नेमक्या मॉडेलचीच घ्यायची. लायसन्स कसलं डोंबलाचं!

मूळ दुखणं होतं केबलचं. फोनसोबत येणाऱ्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतातच. माझी त्याहून वाईट, मधूनच डेटा सोडणारी. मधला यूएसबी हब काढला, चांगल्या केबलने थेट पोर्टला जोडलं, मिडी पोर्ट (कॉम्प्युटर आणि वाद्य-उपकरणं जोडणारा मार्ग) अडवून बसलेलं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर बंद केलं, अपडेट विनातक्रार पार पडलं. अडॅप्टरही मूळचाच वापरा. नऊ व्होल्ट जुळले तरी पोलॅरिटी (प्लस-मायनसची बाजू) उलटी किंवा मिलिॲम्प (विजेचा प्रवाह) कमी असले की घोळ होतो. प्रीसेटचा (साठवलेल्या आवाजांच्या सेटिंगचा) बॅकअप मात्र अपडेटच्या आधीच घ्या, रिकव्हरीत ते उडू शकतात.

आणि कुणी ताबा घेतलाच असेल, तर इंटरनेट तोडा, ते ॲप काढून टाका, बँकेला लगेच कळवा आणि पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. त्याच कॉम्प्युटरवरून बदललेत, तर नवे पासवर्डही त्यांच्या हाती लागू शकतात.