घर विक्रीस काढण्यापूर्वीची छायाचित्रे : बडोद्यातील एका सेवेविषयी

दांडिया बाजारातील आमचे जुने घर विक्रीस काढताना इस्टेट एजंटच्या सांगण्यावरून आम्ही बडोद्यातीलच एका लहानशा सेवेकडे छायाचित्रांचे काम सोपवले. घर आवरून घेण्यापासून जाहिरातीसाठी तयार छायाचित्रे हाती देण्यापर्यंत सर्व काम ही मंडळी करतात, आणि त्यांचे शुल्क खोल्यांच्या संख्येवर ठरते.

या सेवेचे खरे मोल कॅमेरा बाहेर काढण्याआधीच्या कामात आहे. आवराआवर पाहणाऱ्या बाई आधी स्वतः येऊन घर पाहतात आणि खोलीनिहाय यादी करून देतात. स्वयंपाकघरात ओट्यावर शेगडीखेरीज काहीही नको, असा त्यांचा आग्रह होता. त्याचे कारण त्यांनी नीट समजावून सांगितले: रुंद कोनाच्या भिंगातून जवळची वस्तू वाजवीपेक्षा मोठी दिसते, त्यामुळे पुढे ठेवलेला मिक्सर किंवा तेलाची बरणी साऱ्या ओट्यावर कुरघोडी करते. फ्रिजवरचे चुंबक, कॅलेंडर, औषधांच्या पट्ट्या, विजेचे बिल आणि खिळ्याला टांगलेल्या किल्ल्या त्यांनी उतरवायला लावल्या. ही छायाचित्रे कोणीही अनोळखी माणूस पाहू शकतो, हे आमच्या ध्यानात आलेच नसते. देवघर मात्र त्यांनी हलवू दिले नाही. घर घेणारे आमच्याकडे देवघराची जागा आवर्जून विचारतात, म्हणून फक्त निर्माल्य आणि जादा तसबिरी काढून ते जसेच्या तसे ठेवले.

दिवाणखान्यातील सागवानी झोपाळ्यावर त्यांनी बराच वेळ घालवला आणि तो सार्थकी लागला. पितळी कड्या पितांबरीने घासून घेतल्या, गादीची खोळ बदलली आणि झोपाळा बारीक दोऱ्याने मागच्या बाजूस बांधून स्थिर केला. जुन्या घरात उजेड एकाच बाजूने येत असल्यामुळे कॅमेऱ्याचे शटर (उजेड आत घेणारा पडदा) अर्धा-एक सेकंद उघडे ठेवावे लागते, आणि तेवढ्यात झोपाळा किंचित हलला तरी चित्रात त्याच्या कडा पुसट येतात. याच कारणाने पंखेही बंद ठेवले होते. एका खोलीत पिवळा दिवा आणि पांढरी ट्यूब एकत्र लावली की भिंतीचा रंग जागोजागी निराळा दिसतो, म्हणून त्यांनी प्रत्येक खोलीत एकाच छटेचे दिवे बसवले. खिडकीबाहेरचे ऊन आणि आतला अंधार दोन्ही नीट दिसावेत यासाठी कॅमेरा तिपाईवर ठेवून कमीअधिक उजेडाची अनेक चित्रे घेतली आणि नंतर ती एकत्र केली. चित्रांतील भिंती आणि चौकटी सरळ उभ्या आहेत, कोठेही कललेल्या नाहीत.

तक्रार आहे ती भिंगांच्या निवडीबद्दल आणि नंतर संगणकावर केलेल्या फेरफारांबद्दल. १० बाय १४ फुटांचा दिवाणखाना फार रुंद कोनाच्या भिंगामुळे एखाद्या सभागृहासारखा दिसत होता. मागच्या खोलीत पावसाळ्यात भिंतीला ओल येऊन पोपडे सुटले आहेत. ती जागा संगणकावर गुळगुळीत करून दिली होती. गच्चीवरून दूर दिसणारा सूरसागर तलाव लांब पल्ल्याच्या भिंगाने अगदी कठड्याला लागून आणला होता. हे आम्हाला मुळीच मान्य नव्हते. चित्र पाहून जिने चढून आलेल्या माणसाला पहिल्याच खोलीत आपण फसवले गेलो असे वाटले, तर पुढची बोलणी होणार कशी? आम्ही सांगितल्यावर त्यांनी वाद न घालता दिवाणखान्याचे चित्र कमी रुंद कोनाच्या, २४ मिलिमीटरच्या भिंगाने पुन्हा घेतले, ओल होती तशी दाखवली आणि तलावाचे चित्र वगळले. तरीही हे ग्राहकाने सांगावे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मालकांनीही छायाचित्रांसोबत खोल्यांची मापे आणि चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) लिहावे, आणि ते २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्यातील व्याख्येप्रमाणे, म्हणजे बाहेरच्या भिंती व बाल्कनी वगळून मोजलेले असावे.

आवराआवरीच्या कामासाठी ही सेवा मी निःसंकोच सुचवीन. काय पुसू नये, एवढे मात्र काम देतानाच लेखी कळवावे. शक्य असल्यास पावसाळा सरून भिंती वाळल्यावरची तारीख घ्यावी, पण ती नवरात्रापूर्वीच ठरवून टाकावी, कारण गरब्याच्या त्या दिवसांत आपल्या शहरात छायाचित्रकार मिळणे फार कठीण जाते.