पॅरिशचा प्रिझन मिनिस्ट्री ग्रुप: गाण्याला 2 स्टार, जामिनाच्या कामाला 5

वसईच्या आमच्या पॅरिशमधल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, कैद्यांसाठी काम करणाऱ्या ह्या ग्रुपबद्दल लोकांना वाटतं की हे ख्रिसमसला जेलमध्ये केक वाटतात, कॅरोल म्हणतात आणि झालं. कॅरोल म्हणतात, खरंय, आणि सूर असा की कैद्यांना शिक्षा वाढल्यासारखं वाटत असेल. पण ह्यांचं खरं काम कोर्टात चालतं आणि तिथे बघायला कोणी जात नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये धुणीभांडी करणाऱ्या मावशींचा पोरगा चोरीच्या केसमध्ये ठाणे जेलला होता. जामीन मंजूर झाला होता हो, 15 हजारांचा, तरी पोरगा आतच, कारण जामीनदार नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईसाठी कोर्टात उभा कोण राहणार, ऐपतीचा दाखला आणायचा कुठून, आणि वकील म्हणे "बघतो", तो बघतच बसला.

ग्रुपमधल्या सिस्टरने, म्हणजे ननने, मावशींना बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं केस नंबर काय, कोर्ट कुठलं, ऑर्डरची कॉपी आहे का, पोराला शेवटचं कधी भेटलात. चोरी केली का नाही, हे विचारलंच नाही. धर्माचंही नाही, मावशींच्या गळ्यात तुळशीची माळ होती ती दिसतच होती. मग सांगितलं की जामीन होऊन 7 दिवसांत माणूस सुटला नाही तर जेलने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला (गरिबांना फुकट कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा) कळवायचं असतं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करायचा विचार करू शकतं, सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2023 मध्येच हे सांगून ठेवलंय. आम्हा शिकलेल्यांना तरी कुठे माहीत होतं!

आधी अर्ज करून तात्पुरता कॅश जामीन, म्हणजे जामीनदाराऐवजी कोर्टात रोख रक्कम भरून, करून घेतला, आणि मग ग्रुपमधल्या एका रिटायर्ड काकांनी स्वतःच्या केळीच्या वाडीचा सातबारा कोर्टात ठेवला. पोरगा तारखेला गेला नाही तर रक्कम काकांच्या मानगुटीवर बसणार. तरी सही केली. आता प्रत्येक तारखेच्या आदल्या रात्री काका त्या पोराला फोन करतात, आणि उचलला नाही तर सरळ खोलीवर जाऊन उभे राहतात.

"गुन्हेगारांचे लाड कशाला" म्हणणारे आमच्या पॅरिशमध्येपण आहेत. त्यांना एवढंच सांगतो की 2022 अखेर देशातल्या तुरुंगात 5,73,220 माणसं होती आणि त्यातले 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे खटलाच संपलेला नाही. आणि गुन्हा सिद्ध झालेला असला तरी बायबलमध्ये मत्तयच्या 25व्या अध्यायात येशू म्हणतो मी तुरुंगात होतो आणि तुम्ही माझ्याकडे आलात, तिथे "निर्दोष असलो तरच या" अशी अट मला तरी दिसली नाही. पोप फ्रान्सिस मरणाच्या चार दिवस आधी, 17 एप्रिल 2025 ला, रोमच्या रेजिना चेली तुरुंगात जाऊन आले, धड श्वास घेता येत नव्हता तेव्हा. आपल्याला ठाणं लांब पडतं!

देशभर हेच काम करणारी चर्चची संस्था, प्रिझन मिनिस्ट्री इंडिया, 1981 ला केरळात सुरू झाली आणि त्यांचा आश्रयदाता संत मॅक्सिमिलियन कोल्बे, ज्याने 1941 मध्ये नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीत दुसऱ्या कैद्याच्या जागी मरण पत्करलं. त्या हिशोबाने सातबारा ठेवणं फार मोठी गोष्ट नाही, असं काका म्हणतात. मला मोठी वाटते.

आता तक्रारी. संध्याकाळी सातच्या आधी फोन कोणी उचलत नाही, कारण सगळे नोकरीवाले. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गुड मॉर्निंगचा पूर, कामाचा मेसेज शोधता शोधता नाकी नऊ येतात. आणि सुटल्यावर पुढे काय, ह्याचं ह्यांच्याकडे काहीच नाही, मावशींचा पोरगा अजून कामाशिवाय फिरतोय, केस चालू म्हटल्यावर कोणी दारात उभं करत नाही. इथे एक स्टार कापला, ओव्हरऑल 4.

पैसे दिले तर घेतात, पण खरी अडचण जामीनदारांची आहे. आधी किती जणांना जामीन राहिलात ते कोर्टाला लिहून द्यावं लागतं, त्यामुळे तेच ते काका प्रत्येक केसला चालत नाहीत, नवीन माणसं लागतात. मीटिंग रविवारी चर्चमधल्या दुसऱ्या मिस्सानंतर (प्रार्थनेनंतर) हॉलच्या मागच्या खोलीत. येताना सातबारा किंवा सॅलरी स्लिपची झेरॉक्स आणा. चहा मिळतो, पार्किंग नाही.