सेकंडहँड गाडीची दुसरी चावी: क्लोन, चावीवाल्याचं कोडिंग की कंपनीचं सर्व्हिस सेंटर?

सेकंडहँड गाडीबरोबर एकच चावी हातात पडली, तर नवी कितीला पडेल हे विचारण्याआधी जुन्या मालकाला विचारा की मूळची दुसरी गेली कुठे. मोडली असेल, पाण्यात भिजून बंद पडली असेल तर मामला सोपा आहे. ‘असेल कुठेतरी घरात’ असं उत्तर आलं, तर तुमच्या गाडीची चालू चावी दुसऱ्याच्या हाती आहे असं धरून चाला. कर्जावरच्या गाडीची एक चावी काही ठिकाणी फायनान्स कंपनीकडे ठेवून घेतलेली असते. तसं असेल तर जुन्या मालकाला एनओसीबरोबर तीही आणायला सांगा, सगळा खर्च वाचेल. पुढचे तिन्ही पर्याय या एका उत्तरावर तोलायचे आहेत.

आधी गाडीत चिप आहे का ते बघा. जुन्या ओम्नीसारख्या, इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीला नुसतं पातं कापलं की काम होतं, शे-दोनशे रुपयांत. त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांच्या चावीच्या डोक्यात ट्रान्सपाँडर चिप असते. मारुतीच्या गाड्यांवर त्याच यंत्रणेचं ‘आयकॅट्स’ असं स्टिकर दिसतं. ही चिप म्हणजे काचेची बारीक नळी किंवा काळा, नखाएवढा तुकडा. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेची कॉइल असते; ती चिपला जागं करते, चिप आपला कोड सांगते आणि तो जुळला तरच इंजिन चालू राहतं. लॉक-अनलॉकची बटणं हे वेगळं सर्किट, म्हणून रिमोटचा सेल संपला तरी अशी गाडी सुरू होते. शंका असेल तर चावीचं डोकं अॅल्युमिनियम फॉइलमध्ये दोन-तीन वेढे गुंडाळा, पातं मोकळं ठेवा आणि सेल्फ मारा. इंजिन सुरू झालंच नाही किंवा लगेच बंद पडलं आणि मीटरवर चावीचा दिवा लुकलुकला, तर चिप आहे.

क्लोन

चावीवाला तुमच्या चालू चावीतला कोड मशीनने वाचतो आणि कोऱ्या चिपवर तसाच उतरवतो. काही प्रकारच्या चिपसाठी मशीन इग्निशनजवळ धरून चावी दोन-चार वेळा फिरवावी लागते, कारण गाडी आणि चावी यांच्यातला संवादही टिपावा लागतो. गाडीच्या इसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, हात लागत नाही, म्हणून धोका सगळ्यात कमी. वेळ अर्धा तास. साधारण दीड ते तीन हजार रुपये.

अडचण अशी की गाडीच्या लेखी या दोन्ही चाव्या एकच आहेत. गाडीकडे नोंदलेल्या चाव्यांची यादी होती तशीच राहते, म्हणजे ती हरवलेली दुसरी चावीही चालूच राहते. उद्या क्लोन हरवली आणि तिची नोंद पुसायची म्हटलं, तर मूळ चावीही तिच्याबरोबर पुसली जाते. दुसऱ्या चावीचा ठावठिकाणा ठाऊक असेल आणि फक्त घरात ठेवायला जोड हवी असेल, तर क्लोन पुरते. बेपत्ता चावीच्या बाबतीत तिचा काडीचाही उपयोग नाही.

चावीवाल्याकडून ओबीडीवर कोडिंग

स्टिअरिंगखाली १६ पिनचं ओबीडी पोर्ट, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर तपासायचं सॉकेट, असतं. त्याला मशीन जोडून नवी चावी गाडीच्या यादीत रीतसर चढवतात. आमच्या मते बहुतेक मारुती, ह्युंदाई, टाटा, होंडा मालकांसाठी हाच पर्याय पैसे वसूल करणारा आहे, मात्र माणूस नीट निवडलेला हवा. पारख करायला एक प्रश्न पुरतो: ‘आत्ता गाडीत किती चाव्या नोंदलेल्या आहेत, ते स्क्रीनवर दाखवाल का?’ बऱ्याच गाड्यांत हा आकडा दिसतो. हातात एक चावी आणि स्क्रीनवर तीन, असं निघालं तर दोन चाव्या बाहेर आहेत. मग नुसतं ‘अॅड’ करून घेऊ नका. सगळ्या पुसून, हातातली जुनी आणि नवी एवढ्या दोनच पुन्हा चढवायला सांगा. बाहेरच्या चावीने त्यानंतर इंजिन सुरू होत नाही. दरवाजा मात्र तिच्या पात्याने उघडतोच. तेही नको असेल तर ड्रायव्हर बाजूचं कुलूप बदलावं लागतं.

फ्लिप रिमोटसह (दुमडणाऱ्या पात्याची रिमोट चावी) हे काम साधारण अडीच ते सहा हजारांत होतं. बिघडतं ते मुख्यतः दोन कारणांनी. पहिलं, गाडीची बॅटरी. इग्निशन चालू ठेवून अर्धा-पाऊण तास काम चालतं. व्होल्टेज मध्येच खाली आलं तर नोंदणी अर्धवट राहते आणि चालू असलेली चावीही निकामी होऊ शकते. बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर चार्जर लावूनच सुरुवात करायला सांगा. एसी, लाइट, म्युझिक बंद. दुसरं, गाडीच्या यंत्रणेचा गुप्त पिन. ह्युंदाईसारख्या गाड्यांत नोंदणीला सहा आकडी पिन लागतो. अंदाजाने चुकीचे पिन टाकत बसलं की यंत्रणा काही काळ दाद देत नाही, आणि घाबरलेला कारागीर तेव्हाच वायर ओढायला लागतो. पिन कुठून आणणार, हे आधीच विचारा.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर

इथे चावी चेसिस नंबरवरून मागवतात, पातं मूळ की-नंबरवरून कापलेलं येतं. याचा फायदा जुन्या गाडीत कळतो: दहा वर्षं घासलेल्या चावीवरून नवी कापली की झीजही तिच्यात उतरते आणि कुलूप अडखळायला लागतं. नवी गाडी घेताना चावीच्या जुडग्याला की-नंबरची छोटी पट्टी असते. ती जुन्या मालकाकडे असेल तर जरूर मागून घ्या, चावीवाल्यालाही त्या नंबरवरून कापता येतं.

सेंटरमध्ये आरसी, ओळखपत्र आणि आधीची चावी लागते. हरवली म्हटलं तर पोलिसांकडची नोंदही मागतात. आरसीवर अजून जुन्या मालकाचं नाव असेल तर काम अडतं, त्यामुळे फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी आधी नावावर करून घ्या. चावी यायला आठवडा-दोन आठवडे धरा. खर्च बाहेरच्यापेक्षा दीडपट ते दुप्पट. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या अलीकडच्या गाड्यांसाठी आमचं मत स्पष्ट आहे: कंपनीतच जा. त्यांची चावी त्या चेसिस नंबरसाठी आधीच कोड होऊन येते आणि जोडणी कंपनीच्या सर्व्हरवरून होते. बाहेर ती करणारे थोडे आहेत, आणि चूक झाली तर दुरुस्ती महागात पडते.

पुश-बटण स्टार्टच्या स्मार्ट कीला दर एकदम वर जातो; कंपनीत आठ-दहा हजारांपासून पुढे. इथे ऑनलाइन जुनी स्मार्ट की स्वस्तात घ्यायचा मोह आवरा. ह्युंदाई, किया, टोयोटाच्या बऱ्याच स्मार्ट की एकदा एका गाडीशी जोडल्या की दुसऱ्या गाडीला लागत नाहीत. त्यातून फोनच्या अॅपशी जोडलेली कनेक्टेड गाडी असेल, ब्लूलिंक किंवा किया कनेक्टवाली, तर जुन्या मालकाचं खातंही काढून टाका. फोनवरून दरवाजा उघडणारी ती तिसरी चावीच आहे.

नुसतं प्लॅस्टिकचं कव्हर फुटलं म्हणून नवं घेणाऱ्यांना एक सूचना. रिमोटची पट्टी नव्या कव्हरमध्ये बसवतात आणि चिप जुन्याच्या खाचेत चिकटलेली राहते. बटणं चालतात, दरवाजे उघडतात, गाडी सुरू होत नाही. जुनं कव्हर तिथेच टाकून येऊ नका.

काम झाल्यावर पैसे देण्याआधी तपासा. जुनी चावी गाडीपासून दूर, दुसऱ्या माणसाच्या हातात द्या. दोन्ही एकाच जुडग्यात ठेवून तपासलं तर जुनीच्या चिपवर गाडी सुरू होते आणि नवी चालते असा गैरसमज होतो. नव्या चावीने पाच-सहा वेळा सुरू करा, प्रत्येक वेळी दहा-पंधरा सेकंद चालू ठेवा. मग ड्रायव्हरचा दरवाजा आणि डिकी पात्याने उघडून बघा. पेट्रोलच्या झाकणाला कुलूप असेल तर तेही. स्मार्ट कीचा सेल काढून ती स्टार्ट बटणाला टेकवा. बऱ्याच गाड्या तशाही सुरू होतात, आणि आतलं लपवलेलं पातं दरवाजाला लागतं का तेही कळतं. शेवटी जुनी चावीही एकदा चालवा, सगळ्या पुसून चढवताना तीच राहून जाण्याचा प्रकार होतो.

बिल पक्कं घ्या, चावीवाल्याकडूनही. त्यावर गाडीचा नंबर, तारीख आणि काम संपल्यावर नोंदलेल्या चाव्यांची संख्या लिहून घ्या. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सगळ्या चाव्या मागते. एक कमी पडली की खुलासे सुरू होतात आणि दावा लांबतो. खरेदीच्या वेळी एकच चावी मिळाल्याचं विक्रेत्याकडून लिहून घेतलं असेल, तर तो कागद याच बिलाला जोडून ठेवा. विम्यातलं की-रिप्लेसमेंट कव्हर तुमच्या ताब्यातली चावी हरवल्यावर कामाला येतं. मुळात न मिळालेल्या चावीचा खर्च त्यातून निघत नाही.