सात मिलिमीटरची थाप

जुन्या मोटरसायकलच्या फ्रेममध्ये दुसऱ्या गाडीचं मोठं इंजिन बसवायचं ही हौस माझीच, तेव्हा सगळं खापर दुसऱ्यावर फोडत नाही. पण त्या हौसेचा ज्याने फायदा उठवला त्याची पद्धत इतकी सफाईदार होती की कन्व्हर्जन करून घेणाऱ्या कुणाच्याही ती लक्षात येणार नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

काम हातात घेताना मिस्त्री म्हणाला होता, "साहेब, या इंजिनाचा शाफ्ट जुन्यापेक्षा सात मिलिमीटर बाहेर येतोय. मागचं स्प्रॉकेट तेवढंच बाहेर काढायला लागेल. मधे घालायला लेथवर रिंग कातून घेऊ." (स्प्रॉकेट म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती दातेरी चकती, पुढची इंजिनाच्या शाफ्टवर, मागची मागच्या चाकावर.) निदान शंभर टक्के बरोबर होतं आणि मी फसलो तो त्यामुळेच. अडाण्याने थाप मारली असती तर शंका आली असती. याला काय करायला हवं हे नीट कळत होतं, फक्त ते करायचं नव्हतं.

बिलात तीन गोष्टी वेगळ्या लावल्या होत्या: लेथवर कातलेली रिंग, 520 नंबरची ओ-रिंग चेन आणि लेझरने अलाइनमेंट, म्हणजे दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आणणं. चेनचं खोकं त्याने माझ्या हातात दिलं. खोक्यावर 520 छापलेलं होतं, ओ-रिंगही लिहिलेलं होतं. मग मला गाडीच्या मागे उकिडवं बसायला लावून म्हणाला, "बघा, एका सुतात आहे." बघितलं. होती खरी एका सुतात.

पहिल्या काही दिवसांतच खालून कर्र-कर्र सुरू झाली. वेग वाढला की ती गाण्यासारखी लांबायची, थ्रॉटल सोडला की खट् असा एक आवाज. परत गेलो तर उत्तर तयार: "नवीन चेन आहे, बसायला वेळ लागतो." (नवी चेन थोडी ताणते, हे खरं आहे. पण असा आवाज करत ती बसत नाही.) दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याने ॲक्सल सैल करून काहीतरी केलं, चेन चांगली ताणली आणि अलाइनमेंटचे पैसे पुन्हा घेतले. आवाज थोडा कमी झाला, पण गाडी एका बाजूला ओढायला लागली. तिसऱ्यांदा म्हणाला, "कंपनीनेच माल खराब दिलाय, चेन बदलू." चेन बदलायची म्हणजे पुन्हा माझ्याच खिशातून.

त्या दिवशी घरी येऊन गाडी स्टँडवर घेतली आणि रॉकेलचा बोळा घेऊन चेन पुसायला बसलो. खरं तर नुसती साफ करायची होती. बाहेरच्या पट्टीवर नंबर कोरलेला असतो तो काळ्या ग्रीसखाली बुजला होता. दातांच्या ब्रशने घासला तसा एकेक आकडा वर आला. पाच, मग तीन, मग शून्य. मधला आकडा दोनच असणार, ग्रीस अडकलंय, असं म्हणून मी पुन्हा घासला. तीनच होता. पुढच्या कडीवर तीन, त्याच्या पुढच्या कडीवरही तीन. पट्ट्यांच्या मधे काळी रबरी रिंग दिसायला हवी, तीही नव्हती. साधी चेन होती.

इथे जरा थांबून आकडे सांगतो, कारण सगळी लबाडी त्यातच आहे. 520 आणि 530 या दोन्ही चेनची पिच, म्हणजे लगतच्या दोन पिनांमधलं अंतर, सारखीच, 15.875 मिलिमीटर, आणि रोलरचा व्यासही सारखा. म्हणून 530 ची चेन 520 च्या स्प्रॉकेटवर बिनबोभाट चढते, दातही बरोबर पकडतात. फरक असतो तो आतल्या रुंदीत. 520 ची आतली रुंदी 6.35 मिलिमीटर, 530 ची 9.525. म्हणजे सहा मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या दातावर 520 जेमतेम हलते, 530 मात्र साडेतीन मिलिमीटर इकडे-तिकडे सरकते. पुढचं स्प्रॉकेट चेनच्या एका पट्टीला टेकलं आणि मागचं समोरच्या पट्टीला, की स्प्रॉकेट एकमेकांपासून तीन-साडेतीन मिलिमीटर आत-बाहेर असले तरी चेन सरळच दिसते. मी उकिडवं बसून बघितली ती नुसती चेन, स्प्रॉकेट बघितलेच नव्हते.

मग दात बघितले. पुढच्या स्प्रॉकेटच्या दातांना बाहेरच्या अंगाने चकाकी आली होती, मागच्याच्या दातांना आतल्या अंगाने. पुढचं अजूनही बाहेरच राहिलंय, याचा याहून वेगळा पुरावा नको. सरळ धारेची पोलादी पट्टी मागच्या स्प्रॉकेटच्या सपाट तोंडाला टेकवून पुढे नेली तर पट्टी पुढच्या स्प्रॉकेटच्या तोंडाला जाऊन भिडायला हवी. ती चार मिलिमीटर आत गेली.

सात मिलिमीटरची रिंग लावली असेल तर चार मिलिमीटर उरले कुठून? चाक काढलं, स्प्रॉकेटचे सहा बोल्ट खोलले. रिंग नव्हतीच. प्रत्येक बोल्टावर, स्प्रॉकेट आणि हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) मधे, दोन-दोन वॉशर. साधारण दीड मिलिमीटरचा एक. एका बोल्टावरचा वॉशर तर बाकीच्यांपेक्षा पातळ, त्यामुळे स्प्रॉकेट फिरताना लचकत होतं आणि कर्र-कर्र एका लयीत यायची ती त्यामुळेच. आवाजापेक्षा मला भीती वाटली ती बोल्टांची. स्प्रॉकेट हबच्या खांद्यावर नीट बसलं की ओढ हब घेतो. वॉशरवर तरंगतं ठेवलं की तीच ओढ बोल्टाला वाकवत राहते. दोन बोल्ट वाकायला लागलेलेच होते.

दुसऱ्या खेपेला त्याने काय केलं होतं तेही कळलं. स्विंगआर्म म्हणजे मागचं चाक धरणारा, वर-खाली हलणारा दांडा. त्याच्या बोल्टाच्या केंद्रापासून ॲक्सलच्या केंद्रापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजलं तर दीड मिलिमीटरचा फरक. चाकच तिरकं करून चेन पुढच्या स्प्रॉकेटकडे वळवली होती. दीड मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, पण चाक मागेपुढे करायच्या दोन ॲडजस्टरमधलं अंतर जेमतेम दोनशे मिलिमीटर असतं. तोच तिरकेपणा पुढच्या चाकापर्यंत नेला तर दहा मिलिमीटरच्या आसपास जातो. गाडी ओढत होती ती उगीच नाही. ॲडजस्टरने चाकाचा कोन सुधारतो, स्प्रॉकेट आत-बाहेर सरकत नाही. हे त्याला माहीत नव्हतं असं मी मानायला तयार नाही. चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीची, म्हणजे मास्टर लिंकची, क्लिपही उलटी होती. बंद टोक चेन ज्या दिशेने धावते तिकडे हवं, याने उघडं टोक पुढे ठेवलं होतं.

वॉशर घेऊन त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "गाडी चालत होती ना?" रिंगचं विचारलं तर म्हणे लेथवाल्याने वेळेत दिली नाही, तात्पुरतं केलं होतं, सांगायचं राहिलं. तीन खेपा सांगायचं राहिलं! पैसे मिळाले नाहीत. त्याच्या हाताखालच्या पोराने मात्र मान खाली घातली होती.

नंतर मी स्वतः उभं राहून रिंग कातून घेतली. एकसंध, दोन्ही बाजूंनी खांदा असलेली, तेवढ्याच मापाने लांब हाय-टेन्साइल बोल्ट घातले. 520 ची चेन घेतली तीही खोक्यावर नाही, कडीवर नंबर वाचून. पट्टी लावून, दोन्ही बाजूंचं अंतर मोजून मगच चाक आवळलं.

चेनला झोल, म्हणजे सैलपणा, किती ठेवायचा हे शोधायला अजून एक दिवस गेला. मूळ गाडीच्या पुस्तकातलं माप इथे चालत नाही, कारण नव्या इंजिनाचा शाफ्ट स्विंगआर्मच्या बोल्टापासून जास्त लांब आहे आणि मागचं चाक वर-खाली झालं की चेन पूर्वीपेक्षा जास्त ताणते. शॉक सोडवून स्विंगआर्म हाताने उचलला. शाफ्ट, स्विंगआर्मचा बोल्ट आणि ॲक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात घट्ट असते. तिथे थोडा झोल राहील अशी ताणली, मग शॉक जोडून, गाडी जमिनीवर उभी असताना किती झोल दिसतो ते मोजून ठेवलं. मिस्त्रीने ताणली होती तशी ठेवून मी अजून काही दिवस फिरलो असतो तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग गेलं असतं. आणि त्याचंही बिल बहुतेक त्यानेच केलं असतं.