खाऱ्या पाण्यातले लुअर: ट्रेबल राहू द्यावा की सिंगल हुक लावावा?

नवा लुअर (नकली आमिष) घेतला, मग तो लहान माशाच्या आकाराचा मिनो असो किंवा पाण्याच्या वरच्या थरावर आवाज करत चालणारा पॉपर, की त्याला बहुधा ट्रेबलच, म्हणजे तीन टोकांचे गळ, लावलेले असतात. ते तसेच वापरायचे की काढून सिंगल हुक, म्हणजे एका टोकाचे गळ, लावायचे, यावर मी दोन्हीकडून विचार केला आहे आणि दोन्ही वापरले आहेत.

ट्रेबलची जमेची बाजू खरी आहे. मासा लुअर तोंडात न घेता नुसता ओरबाडून जातो, तेव्हा तीन टोकांपैकी एखादं लागून जातं. सुरमई अशीच मागून वार करते, तिच्यासाठी शेपटीकडच्या ट्रेबलला तोड नाही. लहान पॉपरवरही ट्रेबलला मासे जास्त लागतात, असं माझं मत आहे.

जिताड्याची गोष्ट वेगळी. तो लुअर पाण्यासकट तोंडात ओढून घेतो, त्यामुळे टोकं किती याला फारसं महत्त्व उरत नाही. तिथे जाड तारेचा सिंगल जबड्याच्या कोपऱ्यात खोल बसतो. ट्रेबलची दोन टोकं लागली तर ती एकमेकांवर जोर टाकतात. मासा डोकं झटकतो आणि ड्रॅग (रिळाची दोरी सुटू देणारी पकड) घट्ट असेल तर पातळ तार सरळ होते. जाड तारेचे ट्रेबल मिळतात, पण छोट्या मिनोला ते जड होतात आणि त्याचं डोलणं मंदावतं.

इथपर्यंत पारडी जवळपास सारखी म्हणता येतील. माझा निर्णय झाला तो लागलेला मासा पाण्याबाहेर उचलायच्या हातजाळ्यामुळे. मासा मागच्या ट्रेबलला लागलेला असतो, पुढचा ट्रेबल मोकळा लोंबत असतो. मासा जाळ्यात घेतला की तो मोकळा ट्रेबल आधी जाळ्यात रुततो. मग मासा तडफडतो, गळ आणखी गुंततो, आणि त्या गुंत्यात पक्कड घालायची तर बोटं टोकांच्या अगदी जवळ जातात. भरतीच्या ओढीत मासे खायला लागतात तो वेळ आधीच थोडा. तो जाळं सोडवण्यात जायचा. रबरी जाळ्याने त्रास कमी होतो, पण संपत नाही. सिंगलला मासा बहुतेक वेळा एका झटक्यात सुटा होतो. सोडून द्यायचा असेल तर त्याच्या डोळ्याला, कल्ल्यांना इजाही कमी होते.

बदलताना वजन मात्र जुळवा. हलका सिंगल लावला की पाण्यात अधांतरी थांबणारा मिनो वर तरंगायला लागतो. जुना ट्रेबल आणि नवा सिंगल छोट्या काट्यावर तोलून बघणं सगळ्यात सोपं, आणि नंतर लुअर खाऱ्या पाण्यातच तपासावा, कारण गोड्या पाण्यात तो थोडा खोल बसतो. ज्याचं लुअरला जोडायचं छिद्र टोकाच्या रेषेत आडवं वळलेलं असतं, असा लुअरसाठीचाच सिंगल घ्या. साधा गळ तिरका लोंबतो. पुढच्याचं टोक लुअरच्या तोंडाकडे, मागच्याचं वर. दोन्ही हुक एकमेकांत अडकतील इतके मोठे नकोत.

एकदम सगळं बदलायचं नसेल तर फक्त पुढचा ट्रेबल काढा आणि मागचा राहू द्या. जाळ्याचा निम्म्याहून जास्त त्रास तेवढ्यानेच जाईल. माझ्या पेटीत आता ट्रेबल उरले आहेत ते सुरमईच्या लुअरवर आणि एक-दोन छोट्या पॉपरवर.